मागे उभं राहणाऱ्याची रॅकेट

मित्रांनो, मी बॅडमिंटनची एक जुनी रॅकेट आहे. जुनी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, खेळून खेळून झिजली असेल बिचारी. तसं अजिबात नाही. माझा लाल रंग अजून शाबूत आहे आणि मुठीवरची पट्टीसुद्धा पहिलीच आहे. इतक्या वर्षांच्या आयुष्यात मी खरा सामना एकच खेळले आणि तो हरले. त्या हरण्याचा दोष एका मुलीवर आला. तो तिचा नव्हता. मला हे ठाऊक होतं, पण सांगता येत नव्हतं, कारण रॅकेटला डोकं असतं, दांडी असते, मूठ असते, तोंड मात्र नसतं.

माझा जन्म मालांगचा, तुमच्यापासून समुद्रापार एका बेटावरच्या शहरातला. एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या कार्बनच्या चिकट पट्ट्या गुंडाळून मला साच्यात घातलं, भट्टीत भाजलं, मग घासलं, भोकं पाडली, रंग दिला. सगळ्यात शेवटी एक बाई बसायची. ती प्रत्येक रॅकेट लाकडाच्या एका पातळ कडेवर आडवी ठेवायची आणि कुठे झुकते ते बघायची. माझी पाळी आली तेव्हा मी लगेच डोक्याकडे कलले.

"ही मागे उभं राहून हाणणाऱ्याची," ती शेजारणीला म्हणाली. "ठेवली की डोकं टाकते बघ."

"आमच्या ह्यांच्यासारखी," शेजारीण म्हणाली. "जेवले की टाकलंच डोकं."

दोघी हसल्या आणि मला डावीकडच्या फळीवर ठेवलं. उजवीकडच्या फळीवर हलक्या डोक्याच्या रॅकेटी होत्या, नेटजवळ खेळणाऱ्यांच्या. मधल्या फळीवर कुठेच न झुकणाऱ्या होत्या. त्या कुणालाही चालतात. आमच्यात लहानमोठं काही नसतं. डोकं जड असलं की फुलावर, म्हणजे शटलकॉकवर, घाव जोरात बसतो, पण हात वळायला क्षणभर उशीर होतो. डोकं हलकं असलं की हात पटकन वळतो, पण घाव तेवढा जोरात बसत नाही. ज्याचा जसा खेळ तशी त्याची रॅकेट, एवढंच. त्या दिवशी मात्र मला फळीवर पडल्या पडल्या भारी अभिमान वाटत होता. मी हाणणाऱ्याची होते ना.

तिथून मी त्याच बेटावरच्या सोलो शहरात आले, म्बाह पाइंग यांच्या दुकानात. म्बाह म्हणजे आजोबा. सारी गल्ली त्यांना म्बाहच म्हणायची. दुकान कसलं, पुढच्या खोलीत गटिंगचं, म्हणजे रॅकेटला जाळी घालायचं मशीन, भिंतीवर सात-आठ रॅकेटी, आणि बसायला एक बाकडं. ही सगळी गल्ली बॅडमिंटनची फुलं बनवणाऱ्यांची. घरोघरी पांढरी पिसं धुऊन वाळत घातलेली असायची. वारा सुटला की बायका आधी कपडे नाही, पिसं गोळा करायला धावायच्या.

एका दुपारी सार्वोतो आला. उंच, खांद्याने रुंद, आणि नखांत वाळलेला डिंक. तो पिसं निवडायचं काम करायचा. एका फुलात सोळा पिसं लागतात आणि ती सगळी एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात. डाव्यात एक जरी उजवं गेलं तर फूल हवेत भरकटतं. सार्वोतोच्या हातून असं एकही फूल कधी गेलं नाही, अशी त्याची ख्याती होती. तरुणपणी तो गल्लीतला सगळ्यात जोरात मारणारा होता. खांदा निखळला आणि खेळ सुटला.

"म्बाह, वेनिंगला रॅकेट हवी," तो म्हणाला. "रविवारी निवड आहे. त्या मोठ्या क्लबची माणसं येणार आहेत. मुलींना ठेवून घेतात, शाळा, जेवण, खेळ, सगळं तेच बघतात."

वेनिंग ही त्याची मुलगी, चौदा वर्षांची. तिचा खेळ म्बाहनी रोज पाहिला होता. तिला जोर फारसा नव्हता. ती नेटजवळ उभी राहायची आणि फूल असं अलगद पलीकडे सोडायची की समोरची मुलगी धावत येईपर्यंत ते जमिनीवर निजलेलं असायचं.

म्बाहनी तीन रॅकेटी काढून बाकड्यावर ठेवल्या. एक हलक्या डोक्याची, एक मधली, एक मी. सार्वोतोने पहिली फिरवली आणि ठेवली. दुसरी फिरवली आणि ठेवली. मग मला उचललं. त्याच्या हातात आल्या आल्या मला वाटलं, हेच घर. मनगटातून असा झटका आला की माझी जाळी गुणगुणली. वीस वर्षांत त्याने रॅकेट धरली नव्हती. त्याचा चेहरा उजळला.

"हीच," तो म्हणाला.

म्बाह मशीनवरचा दोर उगाच ओढत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. मागे उभं राहणाऱ्याला तर फारच छान."

मित्रांनो, त्या मुलखात मोठी माणसं 'नको' असं म्हणत नाहीत. समोरच्याला वाईट वाटेल असं काही बोलायचं असलं तर ते बाजूबाजूने जातात, आणि ऐकणाऱ्याने वळसा ओळखायचा असतो. म्बाह यांच्या मते त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. सार्वोतोला वाटलं, आपल्या जुन्या खेळाचं कौतुक झालं. तो लाजला आणि मला पाठीवर टाकून घरी निघाला.

आता दुसरी रीत ऐका. भेट दिली की देणाऱ्यासमोर ती उघडायची नाही. ते हावरटपणाचं दिसतं. म्हणून सार्वोतोने मला कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी वेनिंगपुढे धरलं, तिने दोन्ही हातांनी घेतलं, आणि तो म्हणाला, "मी जरा चहाचं बघतो." तो स्वयंपाकघरात गेल्यावर तिने कागद काढला.

ती हसत होती. कागद काढेपर्यंत हसत होती. मग तिने मूठ धरली, नेटजवळच्या फटक्यासाठी मला पुढे नेलं, आणि माझं डोकं उशिरा आलं. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा उशीर. ती मनगट बघत उभी राहिली. तिचं हसू गेलं आणि ते जाताना पाहणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

सार्वोतो चहा घेऊन आला तेव्हा हसू परत जागेवर होतं.

"कशी आहे, न्दुक?" मुलीला तो न्दुक म्हणायचा, म्हणजे बाळ, आणि ती त्याला बापाक, म्हणजे बाबा.

"छान आहे, बापाक. अगदी हवी तशी."

रविवारी ती पिशवीत दोन रॅकेटी घेऊन गेली. एक मी, आणि दुसरी तिची नेहमीची, शेजारणीकडून मागून आणलेली, गंज चढलेली, पण हलकी. सामन्याआधी तिने पिशवीत हात घातला आणि ती जुनी बाहेर काढली. मग वर पाहिलं. पायऱ्यांवर सार्वोतो बसला होता. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला माझ्याबद्दलच काहीतरी सांगत होता, कारण हाताने माझा आकार करून दाखवत होता. वेनिंगने जुनी परत पिशवीत सरकवली आणि मला काढलं.

मी खूप प्रयत्न केला. पण रॅकेटच्या प्रयत्नाने काय होतं? मागे गेली की तिला माझा जोर पेलत नव्हता आणि पुढे आली की माझं डोकं मागे राहत होतं. जी फुलं ती झोपेतही नेटपलीकडे सोडायची, ती नेटच्या पट्टीला लागून तिच्याच बाजूला पडत होती. तरीही तिने सामना तिसऱ्या गेमपर्यंत ओढला. तेव्हा मुलींचा गेम अकरा गुणांचा असायचा; ती नऊ-अकराने हरली. क्लबच्या बाईंनी वहीत काहीतरी खोडलं.

घरी येताना ती सायकलच्या मागे बसली होती आणि मी तिच्या मांडीवर. मग सार्वोतो पुढे बघतच म्हणाला, "खेळ चांगला होता. जिद्द कमी पडली, न्दुक. ऐन वेळी तुझा हात आखडला."

ती माझ्या मुठीवरची पट्टी नखाने दाबत होती. "हो, बापाक," ती म्हणाली.

त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडले असते. हात आखडला नाही, मी जड आहे.

त्यानंतर ती माझ्याने कधी खेळली नाही. तिने मला पुसलं, कव्हरमध्ये घातलं आणि पुढच्या खोलीत खिळ्याला लावलं. सार्वोतोला ते फार आवडलं. पाहुणे आले की सांगायचा, "चांगली आहे म्हणून जपून ठेवली पोरीने. रोजच्याला ती जुनीच वापरते." दर शुक्रवारी तो स्वतः माझ्यावरची धूळ पुसायचा. मला वाटायचं, मला फेकून दिली असती तरी बरं झालं असतं. फेकलेली वस्तू कुणीतरी उचलतं. मान दिलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही.

संध्याकाळी गल्लीत खेळ चालायचा. आंब्याचं झाड आणि विजेचा खांब यांच्यामध्ये नेट बांधलेलं असायचं. मला ते दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. फुलावर बसणाऱ्या घावाचा आवाज माझ्या भोकाभोकांतून जायचा. हसणं, भांडण, "बाहेर होतं", "आत होतं", सगळं चालायचं आणि मी भिंतीवर पालींच्या सोबतीला. एक गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत नसेल. न वापरलेल्या रॅकेटची जाळीसुद्धा आपली आपण सैल पडते. खेळून तुटली तर निदान आवाज होतो. नुसती टांगून सैल पडली तर कुणाला कळतही नाही.

वेनिंग शाळा संपल्यावर म्बाह पाइंग यांच्या हाताखाली गटिंग शिकली. म्बाह गेले तेव्हा दुकान तिच्याकडे आलं. एका वर्षी ईदच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून भिंती मोकळ्या केल्या आणि तिने मला चार दिवसांसाठी दुकानात नेलं. ती मला परत घेऊन गेलीच नाही. तिने मला नवी जाळी घातली, मशीनशेजारच्या खिळ्याला लावलं, आणि मला एक काम दिलं.

तिच्या दुकानाचा नियम होता की रॅकेट ज्याला हवी त्यानेच यायचं. बापाने, काकाने, मामाने एकट्याने येऊन घ्यायची नाही. गिऱ्हाईक आलं की ती आधी डोळे मिटायला सांगायची. मग एका हातात हलकी, दुसऱ्या हातात मधली, आणि शेवटी मी. "रंग बघू नका, नाव बघू नका. कुठे दुखतं ते सांगा," ती म्हणायची.

समोरचा तुकिजो आला तेव्हाची गोष्ट. पिसं धुण्याची त्याची टाकी होती आणि पोट त्या टाकीएवढं होतं.

"म्बाक," तो म्हणाला. म्बाक म्हणजे ताई. "टीव्हीवर त्या चॅम्पियनकडे आहे ना, तसली दे. कडक दांडीची, जड डोक्याची."

"त्या चॅम्पियनचं पोट पण तुमच्यासारखंच आहे का?"

"पोटाचा काय संबंध? मी हाताने खेळतो."

"मग हाताला विचारू या," म्हणत तिने मला त्याच्या हातात दिलं. दहा वेळा फिरवून त्याने खांदा चोळला आणि खाली मान घालून लवचिक दांडीची, मधली रॅकेट घेतली. कडक दांडी झटकेबाज मनगटाला साथ देते, लवचिक दांडी थकलेल्या हाताचं थोडं काम स्वतः करते. वेनिंगने त्याला हे तीनदा समजावलं आणि तुकिजो तीनदा म्हणाला की तो थकलेला नाही.

असे शेकडो हात माझ्या मुठीवरून गेले. घामेजलेले, घट्टे पडलेले, कधी बांगड्यांचे. प्रत्येक हात मिनिटभर माझा असायचा. "हिच्याने नाही जमत," असं म्हणून लोक मला परत द्यायचे आणि दुसरीला घेऊन जायचे. मी कामाची होते, पण कुणाचीच नव्हते. भिंतीवरचा एकटेपणा निदान शांत होता.

म्हातारा झालेला सार्वोतो दुपारी दुकानात येऊन बाकड्यावर बसायचा. मांडीवर सूप, सुपात पिसं. डावी इकडे, उजवी तिकडे. माझ्याकडे बघून गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही मी आणली होती, वेनिंगच्या निवडीच्या वेळी. जिद्द कमी पडली, नाहीतर पोरगी कुठल्या कुठे गेली असती." वेनिंग मशीन जरा जोरात फिरवायची.

मग एक दिवस दार्सोनो नावाचा माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. रातिह, तेरा वर्षांची, बारीक मनगटांची. बापाने दारातूनच माझ्याकडे बोट दाखवलं.

"तशी द्या. हिने जोरात मारायला शिकलं पाहिजे. काय गं, आवडली ना?"

"छान आहे," रातिह म्हणाली. अजून तिने मला हातही लावला नव्हता.

वेनिंगने मला काढून तिच्या हातात दिलं. "डोळे मीट. नेटजवळचं फूल आहे असं समज."

रातिहने हात पुढे नेला. मी उशिरा आले. मला ते मनगट ओळखीचं वाटलं.

"कशी आहे?"

"छान आहे."

"छान राहू दे," वेनिंग म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती स्टुलावरून उठून मुलीसमोर खाली बसली. "छान सगळेच म्हणतात. बाबांकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. खरं सांगितलंस म्हणून कुणी रागावणार नाही. कशी आहे?"

मुलीने तरीही बापाकडे एकदा पाहिलंच. मग हळूच म्हणाली, "जड आहे."

दार्सोनो गोंधळला. "अगं मग आधी का नाही बोललीस? घरी तशीच घेऊ म्हटलं तेव्हाही छान छान करत होतीस." आणि तो हसला. "बरं, हलकी बघू."

बाकड्यावर सार्वोतोचा हात थांबला होता. हातात एक पीस होतं आणि ते तो कुठल्याच ढिगात टाकत नव्हता. बाप-लेक हलकी रॅकेट घेऊन गेले, गल्लीत त्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं, तरी तो तसाच बसून होता.

"न्दुक."

"हं?"

"तुलाही जड होती का ही?"

वेनिंगने मशीनवरची रॅकेट सोडली. तिला पुन्हा 'छान होती' म्हणता आलं असतं. ते शब्द तिच्या ओठांवर आलेलेही मला दिसले. पण नुकतंच एका लहान मुलीला तिने जे करायला लावलं होतं, त्यापासून आता तिला पळता येईना.

"होती, बापाक."

"कधी कळलं?"

"पहिल्याच झटक्याला. तुम्ही चहाचं बघायला गेला होतात."

सार्वोतोने पीस सुपात ठेवलं. "आणि मी म्हटलं, जिद्द कमी पडली. इतकी वर्षं म्हणतोय. लोकांसमोर म्हणतोय."

"तुम्ही केवढ्या आनंदाने आणली होती."

"म्हणून गप्प बसायचं?"

"तुम्हीच शिकवलं तसं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सार्वोतो उठून माझ्यापाशी आला, मला खिळ्यावरून काढलं आणि सावकाश फिरवलं. माझी जाळी गुणगुणली, त्या पहिल्या दुपारसारखी. तेव्हा त्याला समजलं.

"ही माझ्या हाताची आहे," तो म्हणाला. "मी माझ्यासाठी आणली होती. डाव्यात उजवं पीस जाऊ नये म्हणून आयुष्यभर डोळे फोडले मी, आणि घरातच हे करून बसलो." मग दाराकडे वळत म्हणाला, "चल, तुझी ती हलकी घे. नेटजवळ तू. मागचं मी बघतो."

गल्लीत तुकिजो नेट बांधतच होता. "दोघं मिळून माझ्या एकट्याच्या अंगावर?"

"पोट धरलं तर तुम्ही पण दोघंच झालात," वेनिंग डोळे पुसत म्हणाली.

तुकिजोने फूल उंच उडवलं. सार्वोतो मागे सरकला, एक पाय, दुसरा पाय, आणि दुखऱ्या खांद्यावरून मी वर गेले. मित्रांनो, असा घाव मी जन्मात मारला नव्हता. त्यासाठीच मला बनवलं होतं. फूल रेषेवर आपटलं, तुकिजोला हलायलाही वेळ मिळाला नाही, आणि गल्लीतल्या बायकांनी पिसं निवडता निवडता माना वर केल्या.

सार्वोतोने खांदा धरला. "बास. तेवढाच घाव शिल्लक होता," म्हणत तो खांबाला टेकून बसला. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "पोरीची जिद्द कमी नव्हती. रॅकेट चुकीची होती. ती मी आणली होती."

वेनिंग फूल उचलायला वाकली आणि त्याची पिसं सारखी करत किती तरी वेळ पाठमोरी उभी राहिली.

मी पुन्हा खिळ्यावर गेले. दुसरं काय होणार होतं? त्याचा खांदा संपला होता आणि तिच्या हाताला मी कधीच जुळले नसते. पण त्यानंतर रोज दुकान बंद करायच्या आधी सार्वोतो मला काढायचा, एका बोटावर तोलायचा आणि विचारायचा, "कशी आहे गं ही?"

"जड आहे, बापाक."

आणि दोघं हसायचे. मागच्या पावसाळ्यात तो गेला. बाकडं तिथेच आहे, सूप वर ठेवून दिलंय. तरी वेनिंग रोज दिवे मालवण्याआधी माझ्यापुढे थांबते, मला बोटावर तोलते आणि रिकाम्या बाकड्याकडे बघून सांगते, "जड आहे, बापाक." मग दार लावते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणासाठी रॅकेट घ्याल तेव्हा ती आधी त्याच्या हातात द्या, आणि चहाचं बघायला जाऊ नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. आणि तुम्हाला कुणी फार मायेने जड रॅकेट दिली, तर जड आहे म्हणून सांगा. त्याच दिवशी सांगा. ऐकणारा बाकड्यावर बसलेला आहे तोवर सांगा.